चिखलाचा टायर वेगळा, ओल्या जांभ्याचा वेगळा

मिरगाचा पाऊस पडला की माउंटन बाइकवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: पावसाळ्यासाठी टायर कुठला घेऊ? उत्तरही ठरलेलं असतं, मड टायर घे. विचारणारा फोंड्याचा आहे की पेडण्याचा, त्याच्या वाटेवर माती किती आणि दगड किती, याची चौकशी कोणी करत नाही. पाऊस आला म्हणजे चिखल होणार, चिखल झाला म्हणजे मड टायर लागणार, एवढा सरळ हिशेब. गोव्यातल्या बहुतेक वाटांवर तो चुकतो. चिखलात रुतणं ही एक अडचण आहे, ओल्या दगडावरून घसरणं ही दुसरी, आणि पहिलीचं औषध दुसरीला चालत नाही.

आधी खरा मड टायर बघू. मॅक्सिस कंपनीचा वेट स्क्रीम किंवा श्वाल्बे कंपनीचा डर्टी डॅन ही त्याची नामांकित उदाहरणं. बटणं, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, उंच, टोकाकडे निमुळती आणि एकमेकांपासून चांगली लांब. उंच अशासाठी की वरचा पातळ थर भेदून ती खालच्या घट्ट मातीत शिरावीत. लांब अशासाठी की मधे भरलेला चिखल चाक फिरताना झटकला जावा. चिखल तिथेच बसून राहिला, तर कितीही महागाचा टायर गुळगुळीत गोळा होतो. जुने मड टायर अरुंदही असत, त्याचं कारण हेच: अरुंद टायर चिखल कापत तळाला पोचतो, रुंद टायर वरच तरंगतो. शिवाय रुंद टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत चिखल साचला की चाकच फिरेनासं होतं.

आता हाच टायर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर आणा. जांभ्यात बटणाला शिरायला जागाच नाही. दगडाला टेकतात ती फक्त टोकं, म्हणजे जमिनीला लागणारं रबर आधीच कमी. त्यात वळणावर सायकल कलली की उंच बटणं मुडपतात. बसणाऱ्याला चाक डळमळल्यासारखं होतं, तो घाबरून ब्रेक दाबतो आणि मग चाक खरोखरच जातं.

दगडावर पकड धरतं ते रबर. बटणांचा आकार तिथे दुय्यम. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं, टणक रबर वरून निसटतं. हा मऊपणा शोअर ए या मापात मोजतात आणि आकडा जितका लहान तितकं रबर मऊ: ४२च्या आसपासचं अतिशय मऊ, ६०च्या पुढचं टणक. दुकानात मापयंत्र नसतं, पण अंगठा असतो. एखादं बटण अंगठ्याने वाकवून सोडा. टणक रबर झटकन जागेवर येतं, मऊ रबर सावकाश परततं. ही सावकाशीच ओल्या दगडावर कामाची, कारण चटकन उसळणारं रबर दगडावरून उडतं आणि सावकाश परतणारं चिकटून राहतं.

घोटाळा होतो तो नावांमुळे. श्वाल्बेचा मॅजिक मेरी म्हणून जो टायर मिळतो, तो वेगवेगळ्या रबरांत मिळतो; त्यांच्या ॲडिक्स या रबराच्या मालिकेत नारिंगी पट्टी म्हणजे सॉफ्ट आणि जांभळी म्हणजे अल्ट्रा सॉफ्ट. मॅक्सिसचा असेगाई हा टायरही मॅक्सटेरा नावाच्या रबरात मिळतो आणि त्याहून मऊ मॅक्सग्रिपमध्येही. म्हणजे ‘मित्राकडे असेगाई आहे, मस्त चालतो’ या माहितीला अर्धाच अर्थ आहे. बटणांची नक्षी लांबून दिसते, रबर कुठलं हे टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक भानगड. मड टायरवरचे बरेचसे लेख आणि व्हिडिओ इंग्लंडकडून येतात. तिथे चिखलाचा हंगाम हिवाळ्यात, पारा पाच-सात अंशांवर. थंडीत रबर कडक होतं, म्हणून तिकडचे लोक सर्वांत मऊ रबर घ्या म्हणतात आणि ते तिथे बरोबरच आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि भर जुलैतही पारा पंचविशीच्या आसपास किंवा वरच असतो. त्या उबेत मधल्या प्रतीचं रबरही पुरेसं मऊ राहतं. त्याच्यापुढे जाऊन अल्ट्रा सॉफ्ट घेतला तर जांभ्याच्या खरखरीत अंगावर त्याची बटणं बघता बघता झिजतात. टायरच्या किमती बघता मला तरी हा सौदा पटत नाही.

मग गोव्यात कुठे काय? सड्यावर, मग तो पर्वरीचा असो की वेर्ण्याचा, प्रश्न ओल्या दगडाचा. स्वच्छ धुतलेला जांभा ओला असतानाही बरी पकड देतो, कारण तो मुळात भोकाभोकांचा आणि खरबरीत. दगा देतं ते शेवाळ. काळपट-हिरवी झाक दिसली की कुठल्याही टायरवर विश्वास टाकू नये. हँडल सरळ ठेवावं, ब्रेक सोडावा आणि तेवढा पट्टा ओलांडावा. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या वाटांवर मुळं, पोफळीच्या गळलेल्या झावळ्या आणि चिऱ्यांच्या पायऱ्या. तिथेही मऊ रबरच, आणि बटणं मध्यम उंचीची.

डिचोली आणि सांग्याकडे खाणींची बारीक लाल माती असते. ती पावसात रंगासारखी पसरते, पण बऱ्याच ठिकाणी थर बोटभरही नसतो, खाली कठीण जमीन. तिथे पूर्ण मड टायर म्हणजे उगाच ओझं. अशा जागी मधली जात उपयोगी. डाउनहिल, म्हणजे डोंगरउताराच्या शर्यतींतले मेकॅनिक मड टायरच्या उंच बटणांची टोकं कटरने छाटत, म्हणजे चिखलातही चालेल आणि दगडावरही फार डुलणार नाही. मॅक्सिसचा शॉर्टी हा तसाच छाटल्यासारखा टायर, कारखान्यातूनच तयार होऊन आलेला. गोव्यासाठी मड टायर घ्यायचाच असेल तर मी याच्या पुढे जाणार नाही.

खरा खोल, चिकट चिखल भेटतो तो खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतात. दिवाडी, चोडण, जुवें इथल्या खाडीकाठची ती काळी चिकणमाती. (माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवात, अंगाला तेल लावून लोळणाऱ्यांना भेटतो तो वेगळा, मऊ आणि प्रेमळ.) खाजनातली माती बटणांत बसली की बसली. मड टायरसुद्धा ती वेगात असतानाच झटकतो. बांधावरून हळूहळू जाताना नाही. मुळात जुलैत ओल्या बांधावर सायकल घालूच नये असं माझं मत आहे. चाकाने पडलेल्या चरीतून पाणी वाहतं, बांध कापला जातो आणि खाडीचं खारं पाणी शेतात शिरतं. मानशीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराची, आणि बांधाची राखण करणाऱ्यांनी आपल्याला हाकललं तर त्यांचं चुकत नाही.

दोन्ही टायर सारखेच घ्यायची गरज नाही. पैसे एकाच टायरचे असतील तर ते पुढच्या चाकावर घाला. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की माणूस खाली. पुढे मऊ रबराचा, २.४ इंचांच्या आसपास रुंदीचा. मागे त्याहून टणक आणि कमी उंच बटणांचा. मागच्या चाकावर पेडलचा जोर पडतो, त्यामुळे ते लवकर झिजतं, आणि आपल्याकडे वाटेपर्यंत पोचायला डांबरावरून बरंच जावं लागतं. डांबर मऊ बटणं खातं.

हवेचा मुद्दा टायरइतकाच मोठा आहे, पण थोडक्यात. ट्यूबलेस असेल तर हवेचा दाब २० ते २५ पीएसआयच्या दरम्यान, आपल्या वजनाप्रमाणे ठेवा. ओल्या दगडासाठी नवा टायर घेण्याआधी जुन्यातली हवा थोडी उतरवून बघितली तरी फरक जाणवतो. ट्यूब असेल तर इतकं खाली जाऊ नका. जांभ्याच्या कडेवर रिम आपटली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात.

पावसाळा सरला की सडा कोरडा होतो आणि सुटे खडे वर येतात. त्या खड्यांवर उंच बटणं मुळातून फाटायला लागतात, म्हणून शॉर्टीसारखा टायर ऑक्टोबरात उतरवावा. मऊ रबराचा साधा टायर पुढच्या चाकावर राहिला तरी चालतो. उतरवलेला टायर धुऊन, सावलीत वाळवून घरात ठेवा. बाल्कनीत टांगला तर मेपर्यंतच्या उन्हात रबर कडक होऊन बटणांच्या मुळाशी चिरा पडतात. पुढच्या मिरगाला तो चढवण्याआधी बटण अंगठ्याने वाकवून बघा.