उपकरप्राप्त इमारती

मुंबई शहरातील ज्या जुन्या, खासगी मालकीच्या व भाडेकरू असलेल्या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो आणि त्याबदल्यात ज्यांची संरचनात्मक दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी सरकारी मंडळ करते, अशा इमारती. बोलण्यात ‘सेसची बिल्डिंग’. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतचे क्षेत्र यात येते. उपनगरे येत नाहीत.

खासगी घरांवर सार्वजनिक पैसा खर्चण्याचा आरंभ सामान्यतः १९६९ च्या कायद्यापासून धरतात. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर हा कायदा झाला आणि इमारत दुरुस्ती व पुनर्बांधणी मंडळ अस्तित्वात आले. काही अभ्यासक मात्र याचे मूळ भाडेनियंत्रणात शोधतात. मुंबईत युद्धकालीन भाडेनिर्बंध १९१८ पासून दिसतात. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे (मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडे गोठले, मालकाने डागडुजी सोडली आणि तो भार सरकारवर आला, अशी ही मांडणी. उपकराच्या वर्गवारीतही तीच तारीख येते, हे लक्षात घेता ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. तथापि गिरगाव-लालबागच्या अनेक चाळी मुळातच दाटीवाटीच्या व हलक्या बांधणीच्या होत्या. सगळा दोष भाड्यावर टाकणे एकांगी ठरेल. मालकाचे बुडालेले भाडे काही अंशी पागडीतून, म्हणजे घर देताना भाडेकरूकडून घेतलेल्या एकरकमी रकमेतून, भरून निघे, हेही मालकपक्षाच्या मांडणीत सहसा येत नाही. (पागडीला कायद्याची मान्यता १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मिळाली.)

या इमारतींचे वर्ग तीन आहेत : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. मूळ संख्या १९,६४२. पैकी १६,५०२ ‘अ’ वर्गातील. उपकराचा दर वर्गानुसार बदलतो आणि दुरुस्ती झालेल्या इमारतीला तो वाढीव लागतो. निधीत राज्य शासन, महापालिका व म्हाडा (महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण) यांचाही वाटा असतो. म्हाडा कायदा, १९७६ अन्वये दुरुस्ती मंडळ म्हाडात विलीन झाले. दुरुस्तीखर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे. वरची रक्कम रहिवाशांनी भरली नाही, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते. दुरुस्ती झाली तरी मालकी मालकाचीच राहते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) ने या मदतीचे स्वरूप पालटले. रोख खर्चाऐवजी विकासकाला वाढीव चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र) मिळू लागले : भाडेकरूंना नव्या इमारतीत मोफत घर, उरलेली घरे खुल्या बाजारात. सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर १९९९ मध्ये हे प्रोत्साहन वाढले. किमान घर प्रथम २२५ चौरस फुटांचे होते, पुढे ३०० झाले. यात तिजोरीतून काहीच जात नाही, असा शासकीय युक्तिवाद असतो. पण चटईक्षेत्र देण्याचा अधिकार सार्वजनिक आहे व त्याला बाजारभाव आहे. म्हणून त्याला अनुदान म्हणणेच योग्य. पाणी, मलनिस्सारण व रस्त्यांवरचा वाढीव भार तर महापालिकेच्याच माथी येतो. २००९ पासून नियम ३३(९) खाली समूह पुनर्विकास, म्हणजे अनेक इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, आला. भेंडीबाजार हे त्याचे ठळक उदाहरण.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातलेल्या आठ-अ प्रकरणाने मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादित करण्याची व ती भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला देण्याची तरतूद केली. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. खासगी मालमत्ता ही संविधानाच्या अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होय काय, हा प्रश्न त्यातून नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता तशी ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. निवाड्याचा मुख्य भर त्या शब्दांच्या अर्थावर आहे. आठ-अ प्रकरणाच्या वैधतेचा निकाल त्यात नाही.

घर पडल्यावर वा रिकामे करविल्यावर रहिवासी संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवासात, जातात. ज्यांची इमारत पुन्हा उभी राहू शकत नाही, त्यांची नावे बृहत्सूचीत नोंदवून इतरत्र घर दिले जाते.