हेरिटेज वॉक की फोटो वॉक? ठाण्यात नाव देण्याआधी वाचा

दोन्ही जुन्या ठाण्यात, दोन्ही सकाळी लवकर, आणि ग्रुपवर मेसेज येतो तेव्हा दोन्हीला नुसतं 'ठाणे वॉक' म्हणतात, त्यामुळे घोळ होतोच. पण दोन्ही प्रकार पार वेगळे आहेत.

हेरिटेज वॉकमध्ये गाईड सांगतो आणि आपण ऐकतो. ठाण्यात हे ऐकणं किती गरजेचं आहे ते सेंट्रल जेलपाशी कळतं, कारण हा जेल म्हणजेच ठाण्याचा किल्ला आणि आपल्याला बाहेरून दिसते फक्त भिंत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 ला मराठ्यांनी जिंकला, 1774 ला इंग्रजांकडे गेला, 1816 ला पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्या कैदेतून निसटले आणि 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघा क्रांतिकारकांना इथेच फाशी दिली. यातलं डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी गाईड जीव ओतून सांगणारा असेल तर ट्रॅफिकच्या गोंगाटातही अंगावर काटा येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

फोटो वॉकला नेमकी हीच जागा बाद, जेलपाशी कॅमेरा काढायचाच नाही. या वॉकमध्ये सगळा खेळ उजेडाचा, म्हणून ऊन चढायच्या आत तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, गाठायची आणि मग जांभळी नाक्याचा बाजार. हेरिटेजवाले ज्या बाजारातून भराभर पुढे निघतात तिथे हे लोक अर्धा तास रमतात, झेंडूचे ढीग, पाणी मारलेल्या भाजीच्या जुड्या, हार ओवणारी बोटं. फक्त आधी "मावशी, एक फोटो काढू का?" असं विचारायचं, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली, यात तडजोड नको.

कौपिनेश्वराचं देऊळ दोन्ही वॉकमध्ये असतं. एकीकडे आत्ताचं देऊळ 1760 ला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं ही गोष्ट ऐकायला मिळते, दुसरीकडे अँगल शोधायचा.

आईबाबांना न्यायचं असेल तर हेरिटेजच बरा, सगळे एकत्र चालतात, फोटो वॉकला जो तो आपापल्या गल्लीत पांगतो. आणि हेरिटेजला नाव देताना टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये आत जायची परवानगी काढलीये का हे आवर्जून विचारा, 1879 चं बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे ते, फाटकावरूनच परत फिरायला लागलं तर फार हळहळ वाटते.