जात्याशी बोलणाऱ्या बायका : ओवीची थोडी मागची गोष्ट

आजोबा गेले तेव्हा आजी रडली नाही. निदान लोकांसमोर तर नाहीच. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मग महिना-दीड महिन्यानं एका सकाळी तिनं हरभरे भरडायचे म्हणून कोपऱ्यातलं जातं ओढून घेतलं, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि भरडता भरडता गायला लागली. मी तेव्हा आठवीत असेन, शेजारच्या खोलीत बीजगणित घेऊन बसलेलो. शब्द सगळे लागत नव्हते पण एवढं कळलं की गाणं आजोबांबद्दल नव्हतंच, तिच्या भावाबद्दल होतं, जो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेला होता. मधेच तिचा आवाज फुटला पण हात काही थांबला नाही, जात्याची घरघर चालूच. भरड झाली, जातं पुसून भिंतीला लावलं, आणि बाईसाहेब चहा टाकायला उठल्या जसं काही झालंच नाही.

हे मला परवा आठवलं कारण आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की फार वाईट दिवस चालू असतील तर तुम्ही काय ऐकता, आणि धडाधड प्लेलिस्ट पडायला लागल्या. भीमसेन, किशोरी, जगजित, कुणी लो-फाय. माझ्या मनात आलं की आजीला हा प्रश्नच कळला नसता. ऐकता म्हणजे? दुःखात गाणं ऐकायचं नसतं, म्हणायचं असतं, आणि तेही हाताला काम असताना. ही आपल्याकडची फार जुनी पद्धत आहे, किती जुनी ते बघायला गेलो आणि चांगलाच अडकलो.

तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११३० च्या आसपासचा. त्यात हत्तींपासून स्वयंपाकापर्यंत जगातलं सगळं आहे, संगीतही आहे, आणि तिथे तो एका ओळीत सांगून जातो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. बस, एवढंच. राजाला त्यात विशेष काही वाटलेलं दिसत नाही, पण आपल्या दृष्टीनं ही ओळ भारी आहे, कारण ज्ञानेश्वरी आली शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० ला, त्याच्या दीडेकशे वर्षं आधी ओवी बायकांच्या उखळ-मुसळाजवळ छान रुळलेली होती. आपण शाळेत ओवी म्हटलं की ज्ञानेश्वर शिकतो, साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींना यमक वगैरे. बायकांची ओवी त्या मापात नेहमी बसत नाही, ती बहुतेक वेळा दोन लांब ओळींची असते आणि जातं ओढेल तशी ताणते. पण नाव एकच, आणि ग्रंथात शिरायच्या आधीच ते बायकांच्या तोंडी होतं.

मग जनाबाई. गंगाखेडची, लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला आलेली. दळण, कांडण, शेण-गोठा, पाणी. 'माय मेली बाप मेला, आता सांभाळी विठ्ठला' हे तिचंच. या ओळीत देवाकडे मोक्षबिक्ष काही मागितलेला नाही, सरळ सांगितलंय की माझं कुणी उरलेलं नाही, आता तू बघ. आणि मग तिचा विठ्ठल येतो तोही कसा, तर दळू लागायला येतो. पंढरपूरजवळ गोपाळपुरात आजही जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात, तेच ते जातं का वगैरे वाद घालण्यात मला रस नाही. मला त्या कल्पनेतलं व्यवहारज्ञान आवडतं. दुःखात बाईला देव हवा होता तो दर्शन द्यायला नाही, खुंट्याला दुसरा हात लावायला.

आता ज्यांनी जातं फक्त हॉटेलच्या दारात कुंडी ठेवलेलं बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खालचा दगड पक्का, वरचा फिरणारा, मध्ये खिळा, वरच्याला लाकडी खुंटा. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं मुठीमुठीनं दाणे टाकायचे, याला वैरण घालणं म्हणतात. दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही, मग टाकी लावणारे यायचे आणि छिन्नीनं दगडाला परत खडबडीत करून द्यायचे. काम पहाटेचं, अंधारातलं. बाकी घर झोपलेलं. बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसायच्या, जावा-जावा किंवा नणंद-भावजय, एकीनं ओळ उचलायची आणि दुसरीनं पुढे न्यायची, आणि खुंटा आपल्याकडे ओढताना जोर लागतो तिथेच ओळीवरही जोर यायचा.

यातली खुबी अशी की जात्याच्या घरघरीखाली पलीकडच्या खोलीत शब्द धड पोचत नाहीत. म्हणजे सासूबद्दल जे दिवसभर गिळलं ते पहाटे म्हणता येतं, आणि कुणी ऐकलंच तर काय, ओवी आहे, परंपरेनं आलेली, मी थोडीच रचलीय! शिवाय बोलायचं ते जात्याशी. कितीतरी ओव्यांमध्ये जात्याला ईसवरा म्हणून हाक मारलीय, बाबा मला जड जाऊ नकोस अशी विनवणी केलीय. घरातल्या माणसांना सांगून उपयोग नाही हे कळल्यावर माणूस दगडाशी बोलायला लागतं, आणि दगड निदान मधे तोंड तरी घालत नाही.

विषय काय, तर आई, आणि भाऊ. भाऊ तर इतका की एखाद्याला वाटावं या बायकांना नवरे नव्हतेच. कारण माहेरची वाट भावाच्या हातात, आई-बाप गेल्यावर दिवाळीला न्यायला कोण येणार तर भाऊ, आणि त्याची बायको दारात कसं तोंड करेल यावरही ओव्यांची रांग आहे. आजी नवऱ्याच्या दुःखात भावाला का गात होती हे मला फार उशिरा कळलं. तिच्याजवळ रडण्यासाठी जी भाषा होती ती भावाच्या नावाचीच होती, त्यातच तिनं आजोबांचंही उरकून घेतलं.

आणि सीता. ओव्यांमधली सीता पोथीतल्यापेक्षा बरीच वेगळी, ती सासुरवाशीण आहे, कैकेयी ही छळणारी सासू आहे, आणि रामाला पण बायका काही सोडत नाहीत हां. मला सगळ्यात लागलेली कल्पना म्हणजे सीतेनं आपला वनवास एकटीनं भोगला नाही, तो देशभरच्या बायांना थोडा थोडा वाटून दिला. आपलं दुःख आपल्या नशिबाचं नाही, ते सीतेकडून आलेला वाटा आहे, आणि शेजारणीलाही तेवढाच आलाय. धीर देणारं गाणं म्हणजे काय याचं याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि त्यात 'सगळं ठीक होईल' असा एक शब्द नाही.

हीच माहेरची ओढ मग पुरुष संतांनीही उचलली. पैठणचे एकनाथ, सोळावं शतक, त्यांचा 'माझे माहेर पंढरी' बघा. विठ्ठल-रखुमाई आई-बाप, पुंडलीक भाऊ, चंद्रभागा बहीण. जात्यावरच्या ओवीतली नाती एकेक करून देवाघरी नेऊन बसवलीत. राम फाटकांच्या चालीत भीमसेन जोशींनी ते गायलं आणि आज अर्धा महाराष्ट्र ते डोळे मिटून ऐकतो, त्यात असे कितीतरी पुरुष ज्यांना माहेर सोडून जायची वेळ कधी आलीच नाही. मी पण त्यातलाच, दोन वर्षांपूर्वी नोकरीचा घोळ झाला तेव्हा रात्री दीडला गच्चीवर हेच लावून बसलो होतो.

बहिणाबाई चौधरींपाशी थोडं थांबायला हवं. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०, तिशीच्या आसपास वैधव्य, अक्षरओळख नाही. त्या जात्याला घरोटा म्हणतात, आणि घरोट्यातून जशी पिठी पडते 'तसं तसं माझं गानं, पोटातून येतं व्होटी' असं म्हणून ठेवलंय. गाणं कसं तयार होतं यावर पुढे लोकांनी प्रबंध लिहिले, बाईंनी दळता दळता सांगून टाकलं. आणि वैधव्यावर, कुंकवाखाली लपलेली कर्माची रेघ कुंकू पुसल्यावर उघडी पडली, असं. रडारड नाही, स्वतःकडे बघणं आहे, मग पुढे स्वतःलाच समजावणं. त्या गेल्या १९५१ मध्ये. त्यांची गाणी मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं वेळोवेळी टिपून ठेवली होती, ती आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती टिपणं झाली नसती तर हे सगळं पिठाबरोबर भाकरीत गेलं असतं. अशा किती बहिणाबाई भाकरीत गेल्या देव जाणे.

मग गिरणी आली. शहरात आधी, खेड्यात डिझेल इंजिनवर आणि पुढे वीज पोचली तशी. डबा डोक्यावर, लाइन, पट्ट्याचा आवाज, अंगावर पांढरी धूळ, आणि दोन-अडीच तासांचं काम दहा मिनिटांत. इथे आपण लगेच हळहळायला लागतो की संस्कृती गेली वगैरे. आजीला मी एकदा हे विचारलं होतं, ती म्हणाली, ''मेल्या, तू दळ की मग. कंबर मोडायची नुसती.'' गिरणी आली त्या दिवशी तिच्या गावात बायकांनी नारळ फोडला होता म्हणे, आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त झालं असं की दळण गेलं त्याबरोबर ती पहाटेची जागाही गेली. दुसरी कुठली जागा मात्र कुणी दिली नाही. गिरणीच्या लाइनीत कुणी मनातलं गात नाही.

गोळा करायचं काम तोवर सुरू झालं होतं. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, नंतर सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीकडून खंडच्या खंड काढले. पण सगळ्यात मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांचं, हे गृहस्थ मूळचे फ्रान्सचे. दोघं मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते, आणि १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की आपलं दुखणं सांगायला या बायकांकडे तयार भाषा आहेच, ती म्हणजे ओवी. तिथून सुरू झालं ते हजारावर गावं आणि एक लाखावर ओव्यांपर्यंत गेलं, एक लाख! पुढे संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी रेकॉर्डिंगची बाजू धरली. पॉइटेव्हिन आता नाहीत, हा सगळा साठा 'पारी'नं (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताबद्दलची वेबसाइट) घेतला आणि २०१७ पासून तो नेटवर टप्प्याटप्प्यानं यायला लागला, आवाजासकट.

त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायकांच्या ओव्या आहेत, त्या जरूर शोधा. पहिली माझी ओवी अशी सुरुवात तीच जुनी, पण पुढे विठ्ठलाच्या जागी बाबासाहेब. ज्याच्याशी आपलं दुखणं बोलायचं तो बदलला. तिथे नुसता धीर नाही, ताठ मान आहे, हा आमचा भाऊ, हा आमचा बाप, यानं आम्हाला माणसात आणलं असा सूर. मला वाटतं आठ-नऊशे वर्षांत ओवीनं घेतलेलं हे सगळ्यात मोठं वळण असेल, आणि त्यावर आपल्याकडे म्हणावी तितकी चर्चा होत नाही, जनाबाईवर होते तेवढी तर नाहीच.

एक शंका मलाही सतावते, की हा सगळा कुकरच्या शिट्टीचा प्रकार तर नव्हता? पहाटे गाऊन वाफ सोडायची आणि दिवसभर परत त्याच घरात राबायचं. ओवीमुळे कुठली सासू सुधारली? बहुधा कुठलीच नाही. पण आजीच्या पुढ्यात बसून हा मुद्दा मांडायची माझी हिंमत नव्हती, आणि आता ती नाही.

तिचं जातं गावचं घर विकलं तेव्हा आम्ही पुण्याला आणलं, चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून नेताना वॉचमन ओरडला होता. सध्या गॅलरीत तुळशीखाली आहे. मागच्या महिन्यात आई कणीक मळत होती तेव्हा मी मोबाइलवर त्या साठ्यातली एक ओवी लावली, भावावरची. आईनं दोन ओळी ऐकल्या, मग मान हलवली. ''असं नाही रे, आमच्या बार्शीकडं असं म्हणत नाहीत.'' आणि कणकेच्या हातानंच फोन बंद करायला लावून तिनं तिच्या पद्धतीनं म्हणून दाखवली, मग तिसरी, मग चौथी. तिला इतक्या येतात हे मला माहीतच नव्हतं. सहावीनंतर ती गप्प झाली, नाक मनगटाला पुसलं आणि म्हणाली, ''तवा तापलाय का बघ.''