१८६७ ची रेघ आणि वर्तमानपत्रांच्या फाइली

जुन्या वाचनालयांतले दुर्मिळ साहित्य स्कॅन होत असल्याच्या बातम्यांत पुस्तकांचा आकडा ठळक असतो आणि वर्तमानपत्रे बहुधा 'पुढच्या टप्प्यात' घेतली जाणार असतात. हा पुढचा टप्पा पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे पुढेच राहिला आहे. पैसा, मनुष्यबळ, जागा ही नेहमीची कारणे खरीच आहेत. पण आधी काय आणि मागून काय हा क्रम कसा ठरला, ते पाहायचे तर १८६७ या वर्षाकडे जावे लागते.

त्याआधीची हकिगत थोडक्यात अशी. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशी एकामागून एक वाचनालये उभी राहिली. वर्गणी आणि देणग्यांवर ती चालली. गावातल्या कुणी वकिलाने किंवा शिक्षकाने आपला संग्रह दिला की कपाट भरायचे. वर्तमानपत्रे रोज टेबलावर यायची, महिनाअखेर गठ्ठा बांधला जायचा आणि कुणाला सुचले तर वर्षाची फाइल बांधून घेतली जायची. ज्याला सुचले नाही, त्याच्याकडचा गठ्ठा रद्दीत गेला.

१८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. सत्तावनच्या उठावाला दहा वर्षे झाली होती आणि कोण काय छापतो हे सरकारला कळायला हवे होते. मुद्रकाने पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करायच्या आणि सरकारने त्यांची तिमाही यादी गॅझेटात द्यायची, अशी व्यवस्था झाली. हेतू पाळतीचा असला, तरी त्यामुळे १८६७ नंतरच्या मराठी पुस्तकांची बऱ्यापैकी नोंद राहिली. आधीच्या काळाची तशी नोंदच नव्हती. म्हणून विसाव्या शतकात अभ्यासक सूच्या करायला बसले, तेव्हा त्यांनी १८६७ पर्यंतच्या छापील पुस्तकांना 'दोलामुद्रिते' (छपाईच्या बाल्यावस्थेतली पुस्तके) म्हणून वेगळे काढले आणि त्यांची शोधाशोध केली. ते काम फार मोलाचे होते. सरकारी यादी नसलेल्या काळाची यादी करण्यासाठी ही रेघ ओढली गेली आणि त्या कामापुरती ती अगदी योग्य होती.

घोटाळा पुढे झाला. यादीसाठी ओढलेली रेघ दुर्मिळपणाची रेघ बनली. रेघेआधीची पुस्तके कुलुपाच्या कपाटात गेली, नंतरचे सगळे मांडणीवर राहिले. स्कॅनिंगला पैसे आले तेव्हा साहजिकच कुलुपाचे कपाट आधी उघडले गेले. सर्वांत जुने ते सर्वांत धोक्यात, हे गृहीत कुणी तपासून पाहिले नाही.

कागद मात्र नेमकी उलटी गोष्ट सांगतो. १८६७ पूर्वीची मराठी छपाई बहुतांशी चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर आहे. त्यात जुन्नर, दौलताबादकडचा हातकागद आहे, तसाच विलायतेहून येणारा कागदही आहे. त्याचे धागे लांब आणि चिवट. १८४०-५० च्या दशकातली शिळाछाप पोथी वाळवीने खाल्ली नसेल, तर तिचे पान आजही निर्धास्त उलटता येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि वर्तमानपत्रांनी तोच धरला. त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य, उजेडात पिवळे पडते आणि कागदातच असलेले आम्ल त्याचे धागे तोडत राहते. १९१० किंवा १९३० सालच्या फाइलीतले पान घडीवर मोडते, कडेचा भुगा टेबलावर सांडतो. कोकणातल्या दमट हवेत हे आणखी लवकर होते. म्हणजे १८४५ ची पोथी पाच-दहा वर्षे थांबू शकते. १९२५ चे साप्ताहिक थांबू शकत नाही. सगळ्या क्रमवारीचा पाया कागद असायला हवा होता, साल नव्हे.

वर्तमानपत्रांना कायद्याचे छत्रही उशिरा मिळाले. प्रकाशित पुस्तके कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले. वर्तमानपत्रे त्यात आली १९५६ च्या दुरुस्तीने. त्याआधीच्या तालुक्याच्या साप्ताहिकाची फाइल टिकली असेल, तर ती बहुधा एखाद्या स्थानिक वाचनालयात किंवा संपादकाच्या घरच्या माळ्यावर. मोठ्या पत्रांच्या मागे संस्था होत्या. नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून निघणाऱ्या 'दीनमित्र'सारख्या पत्रामागे वर्गणीदारांशिवाय कोण होते? सरकारकडे १८६८ पासून देशी पत्रांचे साप्ताहिक गोपनीय अहवाल इंग्रजीत तयार होत आणि ते अहवाल टिकले. 'दीनबंधु'सारख्या पत्रातला मजकूर अभ्यासकांना पुष्कळदा या सरकारी इंग्रजी सारांशांतूनच घ्यावा लागतो. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आपल्या हाती येते ते सरकारी भाषांतरकाराच्या इंग्रजीत. फाइली मागे पडल्या की असे होते.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत मायक्रोफिल्मची मोठी कामे झाली, पण त्यांत राष्ट्रीय चळवळीशी जोडलेल्या पत्रांना अग्रक्रम होता. २००० नंतरच्या दशकात देशभर पुस्तके स्कॅन करण्याचा जो प्रचंड प्रकल्प झाला, त्यात मराठी पुस्तके भरपूर आली. त्याचे ऋण मान्यच करायला हवे, कारण आज घरबसल्या जे जुने मराठी वाचायला मिळते त्यातले पुष्कळ तिथूनच आलेले आहे. पण तिथेही भर पुस्तकांवरच होता.  शिवाय बहुतेक स्कॅनिंग निव्वळ काळ्या-पांढऱ्यात झाले. राखाडी छटा नाहीच, प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. पिवळ्या पानावरचा पाण्याचा डाग त्यामुळे काळा ठिक्कर होतो आणि खालच्या ओळी गिळतो. अनुस्वार उडतात किंवा कागदावरचा ठिपका अनुस्वार बनतो. 'नाहीं', 'घरांत', 'कां' असे लिहिणाऱ्या काळातल्या मजकुरात हे नुकसान लहान नाही. अक्षर ओळखणारी संगणकप्रणाली अशा पानावर अडखळते, म्हणजे शोधही लागत नाही. त्यात पुस्तकांची नावे रोमन लिपीत, कुणी कशीही लिहिलेली. हवे ते पुस्तक सापडायला चार-पाच स्पेलिंगे करून पाहावी लागतात.

आता रंगीत स्कॅनिंग परवडते, वरून फोटो घेणारी यंत्रे आली आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यानेही वाट दिली आहे. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. जतन करणे आणि सर्वांसाठी खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खुले करायचे तर लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजावी लागतात, निनावी मजकुराला प्रकाशनापासूनची साठ. खुले करता येणार नाही म्हणून स्कॅनच करायचे नाही, हे कारण मात्र आता उरलेले नाही.

सध्याचा वाद फाइलीची शिवण उसवायची की नाही याचा आहे. बांधणाऱ्याने टाके मजकुराला लागून घातले असतील, तर आतला अर्धा स्तंभ खाचेत जातो आणि छायाचित्रात येतच नाही. उसवल्यास पान सपाट पडते, पण ठिसूळ पान पुन्हा शिवणे जवळजवळ अशक्य. कंत्राटदाराला पानामागे पैसे मिळतात, त्यामुळे त्याला उसवणे सोयीचे. हा निर्णय प्रत्येक फाइलीचा कागद हाताळून ग्रंथपालानेच घ्यायचा आहे. उसवायची वेळ आलीच, तर सुटी पाने ठेवायला आम्लमुक्त कागदाच्या पेट्या आधी आणून ठेवाव्या लागतील, आणि कामाच्या अंदाजपत्रकात त्या पेट्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.