एक्सॉन वेगळा, कोडिंग भाग वेगळा

जीनचा आधी एक लांबलचक आरएनए बनतो, त्यातले इंट्रॉन कापले जातात, एक्सॉन जोडले जातात, हे बारावीला बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाला पाठ असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. १९७७ मध्ये शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या लॅबना अडेनोव्हायरसमध्ये हे तुकड्यातुकड्यांचे जीन दिसले, १९९३ ला दोघांना नोबेल मिळालं. एवढं पुरे.

मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल, जे क्लासच्या नोट्समध्ये, यूट्यूबवर, अगदी एमएस्सीच्या सेमिनारमध्येसुद्धा भेटतं: "एक्सॉन म्हणजे प्रोटीनचा कोड असलेला भाग आणि इंट्रॉन म्हणजे कोड नसलेला भाग." हे चूक आहे. सोपं करून सांगितलंय म्हणून सोडून द्यावं इतकं ते निरुपद्रवी नाही, कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

एक्सॉन की इंट्रॉन हे फक्त स्प्लायसिंगवर, म्हणजे या कापाजोडीवर ठरतं. तयार आरएनएमध्ये जे उरलं ते एक्सॉन, जे कापून काढलं ते इंट्रॉन. त्या तुकड्यात प्रोटीनचा कोड आहे की नाही हा पूर्ण वेगळा प्रश्न, तो नंतर प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमपाशी सुटतो. कापणारा स्प्लायसोसोम कोडॉन, म्हणजे प्रोटीनच्या कोडचे तीन-तीन अक्षरी शब्द, वाचतच नाही, तो बघतो इंट्रॉनच्या सुरुवातीचं जीयू, शेवटचं एजी, शेवटाच्या जरा अलीकडचा ब्रँच पॉइंटचा (कापताना इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक जिथे चिकटतं तिथला) ए आणि त्यांच्या आसपासची अक्षरं.

आता आपल्या इन्सुलिनचा जीन घ्या. तीन एक्सॉन, दोन इंट्रॉन. पहिल्या एक्सॉनमध्ये प्रोटीनचं एक अक्षरही नाही, स्टार्ट कोडॉन दुसऱ्या एक्सॉनमध्ये आहे. वरची व्याख्या धरली तर हा पहिला एक्सॉन इंट्रॉन ठरेल, पण तो तयार एमआरएनएमध्ये व्यवस्थित असतो, यूटीआर म्हणून, म्हणजे प्रोटीनमध्ये न उतरणारा भाग म्हणून. तिसऱ्या एक्सॉनचा स्टॉप कोडॉननंतरचा भागही तसाच, एक्सॉन आहे पण कोडिंग नाही. आणि सस्तन माद्यांमध्ये एक एक्स क्रोमोसोम बंद करणारा एक्सआयएसटी जीन बघा, त्यात एक्सॉन आहेत, इंट्रॉन रीतसर कापले जातात, आणि प्रोटीन बनतच नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते यू२२ होस्ट जीनचं उदाहरण. जोन स्टाइट्झ यांच्या लॅबने १९९६ मध्ये दाखवलं की सस्तन प्राण्यांतल्या या जीनचे इंट्रॉन कापल्यावर त्यांतून छोटे आरएनए निघतात, जे रायबोसोमल आरएनए तयार करायला लागतात, आणि एक्सॉन जोडून जो आरएनए होतो त्याला प्रोटीन म्हणून काही अर्थ नाही, पेशी तो लगेच मोडून टाकते. म्हणजे ठेवायचा माल इंट्रॉनमध्ये आणि टाकायचा एक्सॉनमध्ये! तरीही नावं बदलत नाहीत, कारण नावं कापण्यावरून पडलीत.

अजून एक, फळमाशीतला पी एलिमेंट, म्हणजे डीएनएत एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारा तुकडा. त्याचा तिसरा इंट्रॉन जननपेशींमध्ये कापला जातो आणि उड्या मारायला लावणारं एन्झाइम तयार होतं, बाकीच्या शरीरात तोच तुकडा आरएनएमध्ये राहतो, रायबोसोम त्यात शिरतो, तिथेच स्टॉप कोडॉन लागतो आणि छोटं प्रोटीन निघतं जे उड्या रोखतं. तोच डीएनए, एका पेशीत इंट्रॉन आणि दुसऱ्या पेशीत कोडिंग.

हा फरक कळला नाही तर थॅलेसेमियाच कळत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशन आहे आयव्हीएस १-५, हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जीनमधल्या पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर, जी च्या जागी सी. प्रोटीनच्या कोडमधलं एकही अक्षर बदललेलं नाही, पण कापायच्या जागेची ओळख बिघडते, स्प्लायसोसोम भलतीकडे कापतो आणि चांगलं बीटा ग्लोबिन फारच थोडं बनतं. "इंट्रॉन काय, फेकूनच द्यायचा असतो" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दुसरी खटकणारी गोष्ट थोडक्यात. "अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग करता यावं म्हणून इंट्रॉन आले" (म्हणजे एकाच जीनचे एक्सॉन वेगवेगळ्या प्रकारे जोडता यावेत म्हणून) असं लिहू नका. पुढे कधीतरी उपयोग होईल म्हणून उत्क्रांती काही जमवून ठेवत नाही. आज बहुतेकांना पटणारं चित्र असं की बॅक्टेरियातले स्वतःला कापून घेणारे ग्रुप टू इंट्रॉन मायटोकाँड्रियाच्या पूर्वजासोबत आले, पसरले, आणि उपयोग नंतर चिकटत गेले. "माणूस गुंतागुंतीचा म्हणून त्याच्याकडे इंट्रॉन जास्त" हेही खरं नाही. प्लॅटिनेरिस हा समुद्री किडा आणि समुद्रफूल यांच्या जीन्समध्ये कितीतरी इंट्रॉन अगदी माणसाच्याच जागी सापडतात, म्हणजे ते जुने आहेत, आणि फळमाशीने तिचे बरेचसे गमावलेत. उंदरांमध्ये इन्सुलिनचे दोन जीन आहेत, त्यातल्या एकाचा दुसरा इंट्रॉन गेलाय, तरी तो इन्सुलिन बनवतोच.

पण म्हणून सगळे इंट्रॉन कामाचे असंही नाही, डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या प्रोटीनच्या जीनमधल्या २० लाखांहून जास्त अक्षरांपैकी तयार एमआरएनएमध्ये साधारण १४ हजारच उरतात आणि मधल्या प्रत्येक अक्षराला काम असेल असं मी मानत नाही. एकेक इंट्रॉन तपासूनच बोलावं.

आणि कुणाचा एक्झोम रिपोर्ट हातात आला तर एवढं लक्षात ठेवा, ती टेस्ट मुख्यतः कोडिंग एक्सॉन आणि त्यांच्या कडेची थोडी अक्षरं वाचते. आयव्हीएस १-५ कडेलाच असल्यामुळे तिथे दिसू शकतं, पण बीटा ग्लोबिनच्याच दुसऱ्या इंट्रॉनमध्ये खोलवर, ६५४ व्या अक्षरावर, एक म्युटेशन होतं ज्यामुळे इंट्रॉनचा तुकडा एक्सॉन म्हणून आरएनएमध्ये घुसतो, आणि तसलं काही असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवरून ते नाहीच असं म्हणता येत नाही.