"मावशींना सांगितलंय" हे ठीक, पण वहीत लिहिलंय का?

आजारी, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला घरोघरी मावशी-मामा पाठवणं हे आमचं काम. सकाळी साडेआठ ते साडेनऊ या तासात आमच्या ऑफिसात येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "अहो, मी कालच मावशींना सांगितलं होतं." पुढचं वाक्य घरागणिक बदलतं. डॉक्टरांनी गोळी बंद केली होती, तरी दिली. दुधात साखर नको म्हटलं होतं, तरी घातली. आजोबांना दुपारी फार झोपू देऊ नका म्हटलं होतं, तर ते चारपर्यंत घोरत होते. आम्ही म्हणतो, वही उघडा. वहीत काहीच नसतं. सांगितलेलं असतं दिवसाच्या मावशींना आणि चूक झालेली असते रात्रीच्या मावशींच्या हातून. त्यांच्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

आमची सेवा घेऊन तुम्हाला काही महिने झाले असतील, तर वही तुमच्या ओळखीची आहे : लांबट, रेघांची, पुठ्ठ्यावर पेशंटचं नाव, बहुतेक घरांत औषधांच्या डब्याखाली ठेवलेली. उजवं पान आमच्या माणसांचं. डावं पान तुमचं. दहातल्या आठ घरांत हे डावं पान कोरं असतं, आणि हे पत्रक त्या कोऱ्या पानाबद्दल आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आजोबांचं हार्टचं पंपिंग कमी. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक लिटरच पाणी, चहा-ताक-आमटी सगळं धरून. परत येताना मुलाने रिक्षात मामांना सांगितलं. आमचे मामा जुने, चोख. पेल्याने मोजून त्यांनी बारा तासांत सहाशे मिली दिलं आणि वहीत तसं लिहिलं. का ते लिहिलं नाही. रात्रीच्या मावशींनी तो आकडा वाचला आणि त्यांना वाटलं, मामा पाणी द्यायचा कंटाळा करतात. म्हाताऱ्या माणसाला पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, लघवीत जळजळ होते, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. त्यांनी बिचाऱ्यांनी रात्री आजोबा जागे झाले की पेलाभर पाजून दिवसाची उणीव भरून काढली. चौथ्या दिवशी सकाळी पायांना सूज, वजन दोन किलो वाढलेलं, आणि आजोबांना आडवंच होता येईना. दवाखान्यात दाखल करावं लागलं.

चिरंजीव आमच्यावर तापले : "तुमची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत का?" बोलतात. आठच्या ठोक्याला दहा मिनिटं कॉटशी उभं राहून बोलायचं, हा आमचा नियमच आहे. पण त्या तिन्ही दिवशी पाऊस होता, म्हणून घरच्यांनी मामांना साडेसातलाच "निघा तुम्ही, बस मिळायची नाही, मी आहे" म्हणून मोकळं केलं होतं, आणि मावशी सव्वाआठला भिजत पोचल्या होत्या. दोघांची गाठच पडली नाही. मामांचं चुकलंच, कारण सूचनाही त्यांनी लिहायला हवी होती. ते आम्ही त्यांना सुनावलं आणि त्या कुटुंबाकडेही कबूल केलं. तरीही डाव्या पानावर एवढी एकच ओळ असती, "पाणी दिवसरात्र मिळून १ लिटरच, डॉक्टरांनी सांगितलंय", तर पुढचं काहीच झालं नसतं.

ती ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. त्यानंतरचे सहा दिवस मात्र त्या घराचे दवाखान्यात गेले.

डाव्या पानावर काय लिहायचं

फार काही नाही. डॉक्टरांकडून आल्यावर काय बदललं ते. कोणती गोळी बंद, कोणती सुरू, कोणत्या तारखेपासून. खाण्यापिण्यात काय वर्ज्य. कोणी पाहुणे येणार असतील तर ते, कारण अनोळखी माणसं बघून काही आजी बिथरतात. आणि तुम्ही स्वतः जे काही दिलंत ते.

या शेवटच्यावर जरा थांबते. रात्रीची गोळी कधी सूनबाई देतात, कधी मावशी. सूनबाईंनी जेवणानंतर आठवणीने दिली आणि त्या झोपायला गेल्या. नऊ वाजता मावशींनी वही पाहिली, खूण नाही, म्हणून त्यांनीही दिली. बीपीची गोळी दोनदा गेली की पहाटे बाथरूमला उठताना माणूस चक्कर येऊन पडतो, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. आजींना विचारून उपयोग नसतो, त्या दोघींनाही "घेतली" किंवा दोघींनाही "नाही घेतली" म्हणतात. म्हणून गोळी कोणीही द्या, अगदी परगावाहून दोन दिवसांसाठी आलेल्या लेकीने दिली तरी, वेळ आणि आद्याक्षर वहीत पडलं पाहिजे.

चिठ्ठी तशीच चिकटवली तर चालेल का, असं विचारतात. चिकटवा, पण खाली मराठीत उतरवा. आमच्या बऱ्याच मावशी लातूर, नांदेड, यवतमाळकडच्या आहेत, मराठी वाचतात, डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर तुम्हाला तरी कुठे लागतं? १-०-१ असं लिहिलेलं असेल तर सगळ्यांना समजतं : सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण ओडी (दिवसातून एकदा), बीडी, एचएस (झोपताना), एसओएस ही भाषा दवाखान्यातली. "बीडी" म्हणजे दिवसातून दोनदा, हे शिकवताना प्रत्येक बॅचमध्ये एकदा तरी हशा होतोच. "एसओएस" हा तर खरा धोका. "लागली तर द्या" म्हणजे नक्की काय झालं तर, आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांना विचारून लिहा. आणि कंपनी बदलली, गोळीचा रंग किंवा आकार बदलला, तर तेही लिहा. पांढरीच्या जागी गुलाबी दिसली की मावशी थांबतात आणि फोन करतात. करायलाच हवा.

परदेशातल्या मुलामुलींसाठी वेगळं सांगते, कारण आमच्याकडे अशी घरं बरीच. पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा झालेले असतात, तुम्ही ताजेतवाने असता आणि इथे मावशी नुकत्याच कामाला लागलेल्या. त्या फोनवर "हो दादा, हो दादा" म्हणतात. तुम्हाला वाटतं निरोप पोचला. तसं करू नका. फोन चालू असतानाच त्यांना वहीत लिहायला लावा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. औषधाचा बदल असेल तर मावशींना सांगूच नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर टाका. चिठ्ठीशिवाय फोनवरच्या शब्दावर आमची माणसं औषध बदलत नाहीत. यावरून काही जण रागावतात. रागावू द्यात.

"आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की"

असतो. त्यात शुभ सकाळ असते, भाच्याच्या बारशाचे फोटो असतात आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी "बाबांची लघवीची गोळी उद्यापासून अर्धी" असतं. बदली मावशी त्या ग्रुपमध्ये नसतात. ग्रुप जरूर ठेवा, पण औषधाचं, आहाराचं वहीत. शिवाय आंघोळीचे, जखमेचे, डायपरचे फोटो ग्रुपवर टाकायला आम्ही माणसांना सक्त मनाई केली आहे. जखम दाखवायची असेल तर फक्त डॉक्टरांना आणि घरातल्या एका ठरलेल्या व्यक्तीला. आजी बोलू शकत नसल्या, तरी त्यांना लाज असते.

"घरात कॅमेरा लावलाय, मग लिहायचं कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. कॅमेऱ्यात मावशी वाटी घेऊन बसलेल्या दिसतात, वाटीतलं किती पोटात गेलं ते दिसत नाही. लघवीचा रंग दिसत नाही. पाठीवरचा लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडतो की तसाच राहतो, ते तर मुळीच नाही, आणि बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथेच पकडायची असते.

उजवं पान कसं वाचायचं

आमच्याकडे नवीन माणूस आलं की पहिला आठवडा त्याची "सर्व ठीक" लिहिण्याची सवय मोडण्यात जातो. "जेवण चांगले झाले. सर्व ठीक." या वाक्यातून डॉक्टरांना काडीचाही उपयोग नाही. आम्हाला हवं असतं ते असं :

"दु. १.१० – अर्धी पोळी वरणात कुस्करून, ४ चमचे दुधीची भाजी. भात नको म्हणाल्या. पाणी पिताना दोनदा ठसका लागला. ताक चमच्याने दिले, ठसका नाही."

यातला ठसका महत्त्वाचा. तो तीन दिवस सलग दिसला, तर गिळण्याची तपासणी करायला हवी, नाहीतर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मोजमापासाठी पहिल्या दिवशी आमची सुपरवायझर तुमच्या घरातला पेला आणि वाटी मापाने मोजून आकडे पहिल्या पानावर लिहून ठेवते. तो पेला बदललात तर कृपा करून सांगा!

दुसरा आग्रह, मत नको, पाहिलं ते लिहा. "आजी हट्टीपणा करतात" असं आम्ही लिहू देत नाही. "आंघोळीला तीनदा नाही म्हणाल्या. 'माझी आई आली की करते' म्हणाल्या" असं लिहायचं. याचा उपयोग एकदा असा झाला. एका आजींच्या वहीत सलग दोन रात्री "झोप नाही, भिंतीशी बोलत होत्या" आणि दोन्ही दिवशी "लघवी गडद, उग्र वास" अशी नोंद होती. घरच्यांना वाटत होतं, विसराळूपणा वाढला. डॉक्टरांनी ती दोन पानं वाचली आणि आधी लघवी तपासायला सांगितली. इन्फेक्शन निघालं. औषध झाल्यावर भिंतीशी बोलणं थांबलं.

आता एक विनंती, थोडी अवघड आहे. शुद्धलेखन तपासू नका. एका निवृत्त गुरुजींनी (मनाने फार चांगले) लाल शाईने वही तपासून "लगवी" खाली रेघ मारून शेजारी शुद्ध शब्द लिहिला, आणि खाली शेरा दिला. दुसऱ्या दिवसापासून मावशींचं लिहिणं दोन शब्दांवर आलं. चौथी शिकलेली बाई तिसऱ्या ओळीपर्यंत हिमतीने पोचलेली असते हो. "लगवी ३०० मिली, पिवळी" हे मला "लघवी व्यवस्थित" यापेक्षा दहापट प्यारं आहे.

चुकलेलं एका रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. व्हाइटनर नाही. पान फाडायचं नाही. आजोबा पडले त्या दिवसाचं पान मागणारे लोक भेटलेत मला, दोन्ही बाजूंचे, घरचेही आणि आमचेही. देत नाही. मी स्वतः बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, फाटलेल्या पानाची किंमत मला माहीत आहे.

"लिहिण्यात वेळ जातो, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?"

बारा तासांच्या ड्यूटीत सगळं मिळून वीसेक मिनिटं जात असतील. ती सहसा पेशंट झोपलेला असताना. त्या वीस मिनिटांच्या जोरावरच दिवाळीत तुमच्या नेहमीच्या मावशी गावी गेल्या की आमच्या बदली मावशी पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभ्या राहून "आजींना काय लागतं?" असं विचारत नाहीत. त्या आधी वही वाचतात, मग चहाला हो म्हणतात. माणूस पुरवणारे पुष्कळ आहेत, थोडे स्वस्तही मिळतील. दर शनिवारी सुपरवायझर येऊन पूर्ण आठवड्याची पानं वाचते, आणि काही खटकलं तर आमच्या नोंदणीकृत सिस्टर तुम्हाला फोन करतात. त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. वहीचेही नाही.

ओघाने एक खुलासा : इन्सुलिनचं इंजेक्शन, नाकातली नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग ही कामं मावशी-मामांची नाहीत, ती सिस्टरची. "मागच्या ब्युरोच्या बाई करायच्या" असं सांगून गळ घालू नका. शुगर तपासून आकडा लिहिणं मावशी-मामा करतील. ७० च्या खाली आली आणि आजोबा शुद्धीत, गिळता येत असेल, तर साखरपाणी देऊन लगेच तुम्हाला फोन करतील. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता आधी १०८, मग तुम्ही, मग ऑफिस. वही सगळ्यात शेवटी.

दागिने, कवळी, कानाचं यंत्र, चष्मा यांची यादी पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या सहीने करतो. तो अविश्वास समजू नका. कवळी रुमालात गुंडाळून कचऱ्यात जाण्याचा प्रकार दरवर्षी एकदा तरी होतोच, आणि तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

वही तुमच्या घरातच राहते. सेवा बंद झाली तरी ती तुमची. आमच्याकडे फक्त औषधांच्या पानाची प्रत असते, तीही तुमच्या संमतीने. डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर वही न्या. येताना रिक्षात, डोक्यात ताजं असतानाच डावं पान भरा, पेन आम्ही वहीला दोऱ्याने बांधूनच दिलेलं आहे. शेवटची दहा पानं उरली की ऑफिसला एक मिस्ड कॉल द्या, नवी वही रात्रीच्या मावशींबरोबर येईल.