आठव्या दिवशी सोडलेली गोळी

धंतोलीतल्या एका दवाखान्याबाहेर नंबराची वाट पाहत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आठ दिवस घेतली. मन तसंच जड, वरून मळमळ. सोडून दिली." गोळी होती नैराश्यावरची, एस्सिटालोप्राम. हे मी इतक्यांकडून ऐकलंय की त्या आठ दिवसांबद्दलच लिहितो.

मेंदूतली पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडून पुढच्या पेशीला निरोप देते आणि उरलेलं परत ओढून घेते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन, ही औषधं ती परतीची वाट अडवतात, तीही काही तासांत. मग मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे का?

सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच ५एचटी१ए नावाचा ग्राही, म्हणजे सेरोटोनिन ओळखणारा रेणू, पहारा देतो. बाहेर सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला आवरतो. म्हणजे गोळी बाहेरचा साठा वाढवते, तेव्हाच पेशी सोडणं कमी करते. रोज गोळी पोटात गेली की ग्राही हळूहळू बोथट होतो, पेशी पुन्हा मोकळी होते. उशिराचं एक प्रमुख कारण हेच मानतात. 'सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य' हे सरळ समीकरण मात्र आता टिकत नाही.

मळमळ लगेच होते, कारण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं. बहुतेकांची ती एक-दोन आठवड्यांत ओसरते. कामेच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. लाजेपोटी कुणी बोलत नाही, पण डॉक्टर त्यावर औषध बदलून देऊ शकतात. वयस्कांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं. नैराश्याच्या औषधांच्या जुन्या गटातलं अमिट्रिप्टिलीन घाम कमी करतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, ते घेणाऱ्यांनी उन्हाला जपायलाच हवं.

या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. 'बाहेरची बाधा' म्हणून उतारा काढण्यात महिने घालवणारी घरं पाहिली की जीव तुटतो. तोवर माणूस आणखी खचलेला असतो. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तरी फिरवावा.

काकूंचा नंबर आला. उठताना त्यांना म्हटलं, "आत गेल्यावर आधी हेच सांगा, की गोळी सोडली आणि कशामुळे सोडली."